नाताळच्या दिवशी दिसलेली शिडी

पीएच.डी. करताना विद्यार्थी नेमके काय शिकतो, असे शाळेतील मुले आम्हांला विचारतात. अशा वेळी आम्ही कॅरॉल ग्रायडरची हकीकत सांगतो.

पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची नक्कल तयार होते. पण नक्कल करणाऱ्या विकराला गुणसूत्राचे अगदी शेवटचे टोक पुरे करता येत नाही. म्हणजे दर विभाजनागणिक गुणसूत्रे आखूड व्हायला हवीत. मग एकपेशीय जीव पिढ्यान्‌पिढ्या टिकतात कसे? टोके पुन्हा वाढवणारे एखादे विकर असावे, असा एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांचा तर्क होता. १९८४ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रायडर त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली आणि तिने हाच प्रश्न हाती घेतला. तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण होती. त्यामुळे प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले आणि बहुतेक विद्यापीठांनी तिचा अर्ज नाकारला होता.

टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवाच्या पेशींचा अर्क काढायचा, त्यात टोकासारखा डीएनएचा छोटा तुकडा आणि किरणोत्सारी घटक मिसळायचे, आणि तुकडा वाढतो का ते पाहायचे, असा प्रयोग होता. काही महिने हाती फारसे लागले नाही. अखेर २५ डिसेंबर १९८४ रोजी क्ष-किरण फिल्मवर शिडीसारखे पट्टे उमटले. सहा-सहा घटकांच्या अंतराने एकेक पायरी!

खरे शिक्षण सुरू झाले ते यानंतर. हे नेहमीचेच विकर तर नसेल? अर्कातील डीएनए पाहून ते नक्कल करत नसेल? पुढचे कित्येक महिने ग्रायडरने स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी केली. तिने किण्वाच्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा वापरून पाहिला. त्यालाही टेट्राहायमेनाचाच क्रम जोडला गेला. डिसेंबर १९८५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे असे दिसले की, अर्कातील आरएनए नष्ट केला की काम थांबते. विकराचा नमुना त्याच्या स्वतःच्याच आरएनएमध्ये होता! आरएनए आवश्यक असल्याचे १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तिला पदवी मिळाली. या विकराला टेलोमरेज म्हणतात. २००९ साली ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रवेश परीक्षेच्या गुणांत ही चिकाटी आणि ही शंकेखोर वृत्ती कुठेच दिसली नव्हती. वर्गात एखाद्याचे उत्तर बरोबर आले, तर 'हेच उत्तर दुसऱ्या कारणाने आले असेल का?' असे आपण विचारून पाहावे. पीएच.डी.ची तयारी तिथूनच सुरू होते.