ठोका चालू होता, तरी माणूस गेला होता

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. पण विषय प्रत्येक घराचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

चार वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ मंगळवेढ्याजवळ महामार्गावर दुचाकीवरून पडला. डोक्याला मार. सोलापूरला हलवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू मृत झालाय, अवयवदानाचा विचार करा. मावशीनं मॉनिटरकडं बोट दाखवलं. "आरं, ठोका चालू हाय की! जित्या लेकराला कापू देऊ व्हय?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरातला शिकलेला मी, त्यात पत्रकार. मला उत्तर देता आलं नाही. आम्ही नकार दिला. ती गोष्ट मनातून गेली नाही, म्हणून नंतर वाचत गेलो.

आपल्या मुठीएवढं हृदय. वजन साधारण ३०० ग्रॅम. चार कप्पे, चार झडपा. झडपांचं काम आपल्या मोटरीच्या फूटव्हॉल्व्हसारखं, पुढं गेलेलं मागं येऊ द्यायचं नाही. खरं तर या एका हृदयात दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त जवळच्या फुप्फुसांत पाठवतो, म्हणून त्याची ताकद कमी. डावा पंप फुप्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त टाळूपासून टाचेपर्यंत पोचवतो, म्हणून त्याची भिंत जाड. मिनिटाला साधारण पाच लिटर, दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके. तेच रक्त फिरत राहतं, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये पुस्तक लिहून सिद्ध केलं. म्हणजे शिवजन्माच्या दोन वर्षं आधी.

आता मुंबईत या. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून बघितलं. जगातलं सहावं! सरकारी नव्हे, महापालिकेच्या दवाखान्यात. रुग्ण २७ वर्षांचा शेतकरी. हृदय रेल्वे अपघातात सापडलेल्या एका तरुणीचं. ते बसवलं, पण रुग्ण तीनेक तासांत गेला.

का गेला? जुन्या आजारानं त्याच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला होता. नव्या हृदयाचा उजवा पंप निरोगी फुप्फुसांच्या सवयीचा. चाळीस फुटांच्या विहिरीवरची मोटर काढून दोनशे फुटांवर बसवली तर काय होईल, ते आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. त्याच वर्षी सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही रुग्ण वाचला नाही.

मग देशात हे काम २६ वर्षं थांबलं. हात कमी पडले म्हणून नव्हे. परका अवयव शरीर नाकारतं, त्यावरचं सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या दशकात वापरात आलं. दुसरी अडचण कायद्याची. ठोका बंद पडला की मृत्यू, एवढंच आपण मानायचो. पण ठोका बंद पडून वेळ गेलेलं हृदय बसवणार कसं? जुलै १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, त्यात मेंदूमृत्यूला मृत्यू मानलं गेलं. या कायद्यासाठी ठराव करणाऱ्या राज्यांत गोवा, हिमाचलबरोबर आपला महाराष्ट्र होता. लगेच ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण पुढं अनेक वर्षं जगला.

आता मावशीच्या प्रश्नाकडं येतो. मेंदू मेल्यावर ठोका कसा चालू? तर हृदयाचा स्टार्टर हृदयातच असतो. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तिथून ठोक्याची वीज निघते. मेंदू ठोका कमी-जास्त करतो, सुरू करत नाही. म्हणूनच नसा तोडून दुसऱ्याच्या छातीत बसवलेलं हृदयही चालतं. श्वास मात्र मेंदूच्या बुडातून चालतो. तो भाग गेला की श्वास कायमचा गेला. मशीन हवा देतं तेवढा काळ हृदय चालतं, पण माणूस परत येत नाही. कोमा वेगळा, हे वेगळं. आणि हे एका डॉक्टरच्या शब्दावर ठरत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांनी पुन्हा तपासतं. घरच्यांच्या होकाराशिवाय कुणी हात लावत नाही.

नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाचा आहे. आमचं दुःख वेगळंच आहे, आम्ही न समजता नाही म्हणालो.

गेल्या महिन्यात मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तवाच सांगायला पायजे हुतंस."

म्हणून आज लिहिलं. आयसीयूच्या दारात हा विषय पहिल्यांदा ऐकू नका. आज रात्री जेवताना घरात काढा. होकार असो वा नकार, घरच्यांना आधीच माहीत असू द्या.