‘कंजेशन’ : कारण पुढे, त्रास मागे
इंग्रजी ‘कंजेशन’ला मराठीत प्रसंगानुरूप शब्द आहेत : नाक चोंदते, वाहतूक कोंडते, पाणी तुंबते. सर्दीत नाकातील रक्तवाहिन्या फुगून अस्तर सुजते. तेथे अडथळा जागेवरच असतो. अन्यत्र बहुधा कारण पुढे आणि त्रास मागे दिसतो. सातारा जिल्ह्यातील खंबाटकी घाटात चढावर ट्रक बंद पडला, की मागे रांगा लागतात. सांगलीच्या खालच्या अंगाला वारणा व पंचगंगा कृष्णेला मिळतात. तिन्ही नद्या फुगल्या, की पाणी मागे तुंबते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले. हृदय दुर्बल झाल्यावरही रक्त असेच मागे साचते. धाप लागते, पाय सुजतात. अशा वेळी पायांना नुसते तेल चोळून भागत नाही. हृदयाची तपासणी करून घ्यावी.