पदाच्या डोक्यावरची ओळ

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर कंसात एक बारीक ओळ छापलेली दिसते: राग अमुक, ताल अमुक, चाल अमुक. माझ्याकडे नाट्यगीतं शिकायला येणारी मुलं ती ओळ ओलांडून थेट पदाला हात घालतात. मी पेटीवरचा हात उचलतो आणि ती ओळ आधी वाचायला लावतो. आपल्या रंगभूमीवरचं गाणं कुठून कुठून आलं, ते त्या कंसांतच लिहून ठेवलेलं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’त साक्या, दिंड्या भरपूर. कीर्तनातून लोकांच्या कानात आधीच बसलेलं ते गाणं. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘वीरतनय’ आलं आणि पारशी रंगभूमीवरच्या चाली मराठीत शिरल्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूरबकडची ठुमरी, कजरी आणली. टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक. बैठकीतल्या गाण्यातली नेमकी कोणती जागा मराठी शब्दांत उतरेल, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, असं ती पदं वाजवताना मला दर वेळी वाटतं.

आणि मग १९१६ चं ‘स्वयंवर’. खाडिलकरांचं नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. आवाज फुटला आणि त्यांचं तिथलं गाणं थांबलं. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन थोर गुरूंकडे ते शिकले. ती सगळी तालीम त्यांनी ‘स्वयंवरा’त ओतली. यमन, भूप, भीमपलास, बिहाग हे राग बालगंधर्वांच्या रुक्मिणीच्या तोंडून अशा माणसांपर्यंत पोचले, ज्यांना गवयाच्या बैठकीत कुणी बोलावलं नसतं. अभिजात संगीत मराठी माणसाच्या घरात आणलं ते या नाटकानं, असं मी छातीठोकपणे सांगतो.

या पदांत बहुधा चाल आधी ठरे, शब्द मागून येत. म्हणून नुसती वाचली तर कितीतरी पदं अडखळतात. शब्दांचा क्रम उलटा, एखादं दीर्घ अक्षर उगीच घातल्यासारखं. पेटीवर ठेका धरून म्हणून बघा. ते अक्षर बरोबर समेवर पडतं आणि तिथून आकार मोकळा सुटतो, तान घ्यायला जागा मिळते. पदकर्त्यानं गळ्याची सोय आधी पाहिलेली असते. या पदांना कविता म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी ती एकदा तरी गाऊन पाहावीत.

‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली. त्याचे नाटककार गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. त्यातल्या चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. लावणी, गझल, ठुमरी असं सगळं रंगवून गाणाऱ्या या बाईंनी नाटकाच्या नायिकेच्या, सिंधूच्या दुःखाला सूर दिला. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत होते त्या काळात रंगमंचावर सिंधू म्हणून उभे होते बालगंधर्व, आणि त्या गाण्याचं मूळ एका बाईच्या बैठकीत होतं. ‘चाल’ म्हणून कंसात गाण्याचं नाव येतं, गाणारणीचं येत नाही. त्या काळच्या कितीतरी कलावंतिणींची हयातभराची कमाई अशी बिननावाची छापली गेली, याचा मला मनापासून राग येतो.

सुंदराबाईंच्या ध्वनिमुद्रिका सुदैवानं आहेत. तीन-सव्वातीन मिनिटांची एक बाजू, पण शब्द कसा फेकायचा आणि कुठे हलकेच सोडायचा, ते तेवढ्यातही स्वच्छ ऐकू येतं. सिंधूची पदं शिकायला आलेल्याला मी आधी त्या ऐकवतो, बालगंधर्वांच्या त्यानंतर. आणि वहीत पद उतरवून घेताना ‘चाल’ या शब्दापुढे सुंदराबाईंचं नाव लिहायला सांगतो.