आनंदाला कुंपण

फुटबॉलचे पहिले तेरा नियम १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले. ते लिहिणाऱ्या मंडळींनी बुटाच्या तळाला बाहेर आलेले खिळे नसावेत इथपर्यंत बारकाईने विचार केला. पण गोल झाल्यावर माणसाने किती आनंद मानावा याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. तशी गरजही नव्हती. त्या काळच्या सभ्य इंग्रज खेळाडूने गोल केला, तर सोबत्याशी हस्तांदोलन करायचे आणि आपल्या जागी परत यायचे, एवढाच शिष्टाचार होता. आज नियमांची संख्या सतरा आहे, आणि त्यांतल्या बाराव्या नियमात गोलनंतरच्या जल्लोषावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. खेळाडूने आनंद व्यक्त करावा, पण अतिरेक करू नये. कुंपणावर चढू नये. प्रेक्षकांची सुरक्षा धोक्यात येईल अशा रीतीने त्यांच्याजवळ जाऊ नये. चिथावणीखोर किंवा हिणवणारे हावभाव करू नयेत. मुखवटा घालू नये. अंगातली जर्सी काढू नये. यांतले काही केले तर पिवळे कार्ड ठरलेले. पुढे तो गोल पंचांनी अमान्य केला, तरीही कार्ड मागे घेतले जात नाही.

हे वाचून पुष्कळांना हसू येते. मलाही पूर्वी हा निव्वळ कोरडा कायदेपणा वाटे. परंतु प्रत्येक कलमामागे कोठली ना कोठली घटना उभी आहे, आणि ती पाहिल्यावर काही कलमे पटतात, काही पटत नाहीत.

कुंपणाचेच घ्या. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणाच्या आत गर्दी चेंगरली आणि त्यातून ९७ माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर तेथील मोठ्या मैदानांवरची ती पिंजऱ्यासारखी कुंपणे काढून टाकण्यात आली. आता प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये उरला तो जाहिरातींचा एक बुटका फलक आणि चार सुरक्षा कर्मचारी. लोखंडाचे कुंपण गेले, म्हणून खेळाडूच्या मनाला कुंपण घालावे लागले, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या इमॅन्युएल अ‍ॅडेबायोरने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, म्हणजे आर्सेनलविरुद्ध गोल केला. आर्सेनलचे पाठीराखे सामनाभर त्याला शिव्या देत होते. गोल होताच हा गडी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर घसरत दोन्ही हात पसरून थांबला. वरून वस्तूंचा मारा सुरू झाला आणि त्या गोंधळात एक सुरक्षा कर्मचारी जखमी झाला. अ‍ॅडेबायोरला २५,००० पौंड दंड झाला. दंड त्याने भरला असेल; पण डोके फुटले ते पगारावर उभ्या असलेल्या एका माणसाचे.

जिथे कुंपणे राहिली तिथली कथा वेगळी. डिसेंबर २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्व्हेट संघाचा पाउलो डिओगो हा सोबत्याच्या गोलच्या आनंदात तारेच्या कुंपणावर चढला. लग्न नुकतेच झाले होते. बोटातली अंगठी तारेत अडकली, त्याला ते कळले नाही, त्याने खाली उडी मारली आणि अंगठीबरोबर बोटही मागे राहिले. कर्मचारी ते बोट शोधत असताना पंचांनी त्याला वेळ घालवल्याबद्दल पिवळे कार्ड दाखवले. नियमाप्रमाणे पंच बरोबर होते, पण असे बरोबर असणे मला तरी पाहवत नाही.

आता चिथावणीच्या कलमाकडे वळू. सीमेवरच्या वाचकांना ते लवकर समजेल. ग्लासगो शहरात रेंजर्स आणि सेल्टिक हे दोन संघ आहेत. एकामागे प्रॉटेस्टंट वस्ती, दुसऱ्यामागे आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची. इंग्लंडचा पॉल गॅस्कॉइन १९९५ साली रेंजर्सकडे आला, आणि मैत्रीच्या एका सामन्यात गोल केल्यावर त्याने बासरी वाजवल्याचा नुसता अभिनय केला. बाहेरच्या माणसाला ती गंमत वाटेल. परंतु तेथे बासरी म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीची बासरी, आणि ती कॅथलिकांच्या कानांना कशी लागते हे ग्लासगोच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. १९९८ च्या जानेवारीत त्याने तोच अभिनय सेल्टिकच्या मैदानावर केला, तेव्हा त्याच्याच संघाने त्याला २०,००० पौंड दंड केला.

याहून गुंतागुंतीचा प्रसंग २२ जून २०१८ चा. विश्वचषकात कालिनिनग्राद येथे स्वित्झर्लंड आणि सर्बिया समोरासमोर होते. स्वित्झर्लंडचे दोन्ही गोल करणारे ग्रानित झाका आणि झेर्दान शाकिरी हे कोसोवोतून आलेल्या अल्बेनियन कुटुंबांतले. झाकाच्या वडिलांनी युगोस्लाव्हियाच्या काळात निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगलेला. कोसोवोने २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केले, सर्बियाने ते मानलेले नाही. गोल केल्यावर दोघांनीही हातांचे अंगठे एकमेकांत गुंतवून, बोटे पसरून दोन डोक्यांच्या गरुडाची खूण केली. तो अल्बेनियाच्या ध्वजावरचा गरुड. गंमत अशी की सर्बियाच्या राजचिन्हावरही दोन डोक्यांचाच गरुड आहे, फक्त पांढरा. दोघांचेही मूळ बायझंटाईन साम्राज्याच्या परंपरेत शोधले जाते. (कर्नाटकाच्या राज्यचिन्हावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकांना असल्या पक्ष्याचे नवल वाटणार नाही.) फिफाने दोघांना प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड केला, सामन्यांची बंदी मात्र घातली नाही. सर्बियाच्या प्रेक्षकांनी झळकवलेल्या द्वेषाच्या फलकांबद्दल त्यांच्या संघटनेलाही दंड झाला.

या निकालावर दोन्ही बाजूंनी ओरड झाली. ज्याच्या बापाने तुरुंग पाहिला त्याने त्या क्षणी हात आवरावेत, ही अपेक्षा कठोर आहे. पण मला वाटते की दंड योग्य होता, आणि तो एवढाच असावा हेही योग्य होते. एकाच खुणेचे दोन घरांत दोन अर्थ होतात, हे दोन भाषांच्या गावात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गोलच्या क्षणी मैदानावर एक माणूस असतो आणि त्याच्याकडे पाहणारी लाखो माणसे. त्याने उचललेला हात त्याच्या मालकीचा राहत नाही. २०१३ साली ग्रीसमध्ये यॉर्गोस कातिदिस या वीस वर्षांच्या पोराने गोलनंतर नाझी पद्धतीची सलामी ठोकली आणि राष्ट्रीय संघाची दारे त्याला कायमची बंद झाली. तिथे तर विचाराला जागाच नव्हती.

परंतु हेच कलम आंधळेपणाने लावले की काय होते, तेही पाहावे. ४ एप्रिल २०२३ रोजी तुरीन येथे इंटर मिलानच्या रोमेलू लुकाकूला युव्हेंटसचे काही प्रेक्षक त्याच्या वर्णावरून शिव्या देत होते. शेवटच्या मिनिटांत त्याने पेनल्टीवर गोल केला आणि ओठांवर बोट ठेवून तो ताठ उभा राहिला. पंचांनी ही चिथावणी मानून दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे बाहेरचा रस्ता दाखवला. पुढच्या सामन्याची बंदी अखेर इटलीच्या संघटनेच्या अध्यक्षांनी विशेष अधिकारात रद्द केली. वर्गात चिडवणारी मुले मागच्या बाकावर सुखरूप आणि वळून पाहणारा मुलगा बाकावर उभा, हे दृश्य कोणत्याही शिक्षकाच्या ओळखीचे आहे.

राहिले जर्सीचे कलम. १९९९ साली अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनने महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली, जर्सी काढून हातात घेतली आणि ती गुडघ्यांवर बसली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या दिएगो फोर्लानने साउथॅम्प्टनविरुद्ध गोलच्या आनंदात जर्सी काढली, ती पुन्हा अंगात चढेना, खेळ सुरू झाला तरी स्वारी उघड्या अंगाने, जर्सी हातात धरून धावत होती. असे प्रकार वाढले आणि २००४ पासून जर्सी काढणाऱ्याला पिवळे कार्ड सक्तीचे झाले. कारण काय दिले? तर हे प्रदर्शन अनावश्यक आहे. वेळ वाया जातो, आतल्या गंजीवर घोषणा लिहिलेल्या असतात, असेही सांगितले जाते. रॉबी फाउलरला १९९७ मध्ये लिव्हरपूलच्या संपावरील गोदी कामगारांना पाठिंबा देणारी गंजी दाखवल्याबद्दल दंड झालाच होता. ज्या क्षणी सारे कॅमेरे खेळाडूवर असतात नेमक्या त्याच क्षणी छातीवरची जाहिरात नाहीशी होते, हे कारण नियमात लिहिलेले नाही. पण चर्चेत ते नेहमी येते, आणि मला ते सर्वांत खरे वाटते. कुणाची सुरक्षा किंवा कुणाचा मान यात गुंतलेला नसताना शिक्षा मात्र तीच.

म्हणूनच ११ जुलै २०१० ची रात्र या कलमाला अडचणीची ठरली. जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना, ११६ वे मिनिट. स्पेनच्या आंद्रेस इनिएस्ताने हॉलंडविरुद्ध गोल केला, जर्सी काढली, आणि आतल्या पांढऱ्या गंजीवर हाताने लिहिलेले दिसले की दानी हार्के सदैव आमच्याबरोबर आहे. हार्के हा एस्पान्योलचा कर्णधार, आधीच्या ऑगस्टमध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेलेला. इनिएस्ता बार्सिलोनाचा. एकाच शहरातले हे दोन संघ, आणि त्यांच्यातले वैर जुने, त्यात भाषेचा आणि अस्मितेचा वादही मिसळलेला. पंच हॉवर्ड वेब यांनी नियमाप्रमाणे पिवळे कार्ड दाखवले. त्यांना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बार्सिलोनाचा संघ एस्पान्योलच्या मैदानावर खेळायला गेला आणि पाच गोल करून जिंकला. घरच्या संघाची अशी धूळधाण होत असताना इनिएस्ता बदली होऊन बाहेर निघाला, तेव्हा एस्पान्योलचे प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.