डोक्यातून गेलेली गिरणी

सूत काढण्याचे साचे परदेशी नेऊ नयेत, कसबी कारागिरानेही देश सोडू नये, असा इंग्लंडचा कायदा होता. तो मोडून सॅम्युअल स्लेटर १७८९ साली आपला धंदा लपवून अमेरिकेस निघाला. जवळ साच्यांचा एकही आराखडा नाही! पण वाचकहो, डोक्याची झडती कोण घेणार? पोरवयापासून तो गिरणीत राबला होता. पॉटकेटला विकत घेतलेले साचे होते, पण ते नीट चालत नव्हते. तिथल्या लोहार-सुतारांना हाताशी धरून त्याने १७९० मध्ये नवे साचे चालते केले.

इंग्लंडची यंत्रबंदी १८४३ मध्ये उठली. त्यामुळे कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत गिरणीची कंपनी काढली, तेव्हा चोरीमारीचे कारणच उरले नव्हते. तरी मुंबईच्या गिरण्यांना साच्यांमागोमाग लँकेशायरची जाणती माणसेही आणावी लागलीच.