मातीतून मिळालेलं बुरशीचं औषध



पेनिसिलीन आलं आणि न्यूमोनियाने, बाळंतरोगाने जाणारी माणसं बरी होऊन घरी जाऊ लागली. पण १९४० नंतर डॉक्टरांना एक नवाच त्रास दिसू लागला. अँटिबायोटिक जंतूंना मारतं, बुरशीला नाही. आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात कँडिडा नावाची बुरशी थोडी असतेच. चांगले जंतू तिला आवरून धरतात. ते मेले की तिला रान मोकळं. मग जिभेवर पांढरा थर, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, खाज. खंगलेल्या रुग्णाच्या रक्तात ती शिरली तर जिवावरच बेततं.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात दोघी जणी यावर औषध शोधत होत्या. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीला. हेझनबाई लहानपणीच पोरक्या झालेल्या, नातेवाइकांकडे वाढलेल्या. ब्राउनबाईंच्या आईने एकटीने संसार ओढला. कॉलेजची फी ओळखीतल्या एका बाईने भरली.

हेझन मातीतले सूक्ष्मजीव वाढवायच्या. बुरशी मारणारा सापडला की काचेच्या बरणीत घालून पोस्टाने ऑल्बनीला. ब्राउन त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढून परत पाठवायच्या. मग उंदरांवर तपासणी. बहुतेकदा बुरशी मरायची, पण उंदीरही मरायचा. शेवटी व्हर्जिनियातल्या नोर्स नावाच्या ओळखीच्या माणसाच्या शेतातली माती लागू पडली. १९५० साली औषध जाहीर झालं. राज्यावरून त्याचं नाव निस्टॅटिन, आणि सूक्ष्मजीवाला नाव शेतमालकाचं!

हे औषध आतड्यातून रक्तात जात नाही, म्हणून तोंड, आतडं, कातडी, योनिमार्ग इथल्या कँडिडावरच चालतं. नायट्यावर नाही. नायट्याला मेडिकलमधून न विचारता आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, नायटा आतून पसरत राहतो. आणि पांढरं जाण्याचं तर आपण नर्सताईलाही सांगत नाही.

शरीरात खोल गेलेल्या बुरशीला शिरेतून ॲम्फोटेरिसिन देतात. तेही मातीतलंच, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकडचं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हाभर वणवण फिरले, ते हेच.

निस्टॅटिनच्या पेटंटचे १ कोटी ३० लाख डॉलर आले. दोघींनी सगळे संशोधनाला दिले. आपल्या गटात असते, तर वही कुणाकडे ठेवायची यावरच दोन बैठका गेल्या असत्या.