छोटे खासगी विद्यापीठ : खर्च किती, पदवीचे मोल किती?

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले, की शहरांच्या चौकाचौकांत विद्यापीठांचे फलक झळकू लागतात. त्यांतील काही नावे पालकांनी पाच-सात वर्षांपूर्वी ऐकलेलीही नसतात. हिरवागार परिसर, परदेशी विद्यापीठांशी करार आणि लाखांच्या पगाराचे आकडे असा जाहिरातींचा ठरलेला साचा असतो. शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची पहिली फेरी अजून व्हायची असते, तोच ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ काही रक्कम भरण्याचा आग्रह सुरू होतो. चार वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय अशा वेळी चार दिवसांत घेतला जातो.

अशा विद्यापीठांच्या पदव्या कायद्याने वैध आहेत काय, हा प्रश्न पालक सर्वप्रथम विचारतात. तो आवश्यक असला तरी पुरेसा नाही. पदवी वैध असणे आणि ती तिच्या किमतीला साजेशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारी यादीत मिळते. दुसऱ्याचे प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या आकडेमोडीतून काढावे लागते.

विद्यापीठ कोणत्या प्रकारचे?

‘खासगी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. त्यामुळे तीन प्रकारच्या संस्थांची गल्लत होते. पहिला प्रकार शासकीय विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी महाविद्यालयांचा. येथे महाविद्यालय खासगी असते. परीक्षा व पदवी मात्र मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या विद्यापीठाची असते. दुसरा प्रकार अभिमत विद्यापीठांचा. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ मधील कलम ३ नुसार केंद्र सरकार हा दर्जा देते. टाटा समाजविज्ञान संस्था (१९६४), गोखले अर्थशास्त्र संस्था (१९९३) आणि सिम्बायोसिस (२००२) यांना हा दर्जा मिळाला. तिसरा प्रकार राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचा. ॲमिटी (२०१४), फ्लेम (२०१५), सोमय्या विद्याविहार (२०१९) ही महाराष्ट्रातील त्याची काही उदाहरणे. हे विद्यापीठ स्वतःच अभ्यासक्रम ठरवते, स्वतःच परीक्षा घेते आणि स्वतःच पदवी देते. बाहेरच्या महाविद्यालयांना ते संलग्नता देऊ शकत नाही.

या स्वायत्ततेला दोन बाजू आहेत. अभ्यासक्रम वेगाने बदलता येतो, नवे विषय लवकर आणता येतात. पण शिकवणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि उत्तीर्ण ठरवणारा एकच असतो. जुन्या विद्यापीठाचे नाव शंभर महाविद्यालयांच्या गुणांवर आणि दोषांवर तोलले जाते. चारशे-पाचशे विद्यार्थ्यांच्या नव्या विद्यापीठाला ते नाव स्वतःच्या हिमतीवर उभे करावे लागते. पहिल्या काही तुकड्यांतील विद्यार्थी या प्रयत्नात नकळत भागीदार होतात.

वैधतेची तपासणी

केवळ विधिमंडळाचा कायदा झाला म्हणजे विद्यापीठ उभे राहिले असे होत नाही, हा धडा छत्तीसगढने दिला. तेथील २००२ च्या कायद्याच्या आधारे अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर स्थापन झाली. अनेकांकडे इमारत नव्हती, शिक्षक नव्हते. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये या कायद्यातील संबंधित कलमे रद्दबातल ठरविली आणि त्यांच्या आधारे उभी राहिलेली विद्यापीठे एका निकालासरशी संपुष्टात आली. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय राज्यातील अन्य विद्यापीठांमार्फत करण्याचा मार्ग न्यायालयाला शोधावा लागला.

म्हणूनच प्रवेशापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. विद्यापीठाचे नाव यूजीसीच्या संकेतस्थळावरील राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत असावे. यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करते. तीही नजरेखालून घालावी. शिक्षण मुख्य परिसरातच होणार आहे काय, हे विचारावे. कारण यूजीसीच्या २००३ च्या नियमावलीनुसार खासगी विद्यापीठाला मनमानीपणे अन्यत्र केंद्रे उघडता येत नाहीत.

याखेरीज व्यावसायिक अभ्यासक्रमांना संबंधित परिषदेची मान्यता लागते. विधी अभ्यासक्रमाला भारतीय विधिज्ञ परिषदेची, औषधनिर्माणशास्त्राला भारतीय फार्मसी परिषदेची, वास्तुकलेला वास्तुकला परिषदेची मान्यता नसेल, तर पदवी हाती असूनही त्या व्यवसायात नोंदणी होत नाही. अभियांत्रिकीची स्थिती थोडी निराळी आहे. विद्यापीठांना एआयसीटीईची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात २००१ मध्ये दिला. त्यामुळे ‘एआयसीटीई मान्यता नाही’ एवढ्यावरून विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी बेकायदा ठरत नाही. मात्र दर्जा पारखण्याची जबाबदारी तेवढीच पालकांवर अधिक येते.

या कसोट्यांवर उतरणाऱ्या विद्यापीठाची पदवी लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशाला अन्य कोणत्याही पदवीइतकीच चालते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र त्या देशाची पद्धत आधीच पाहावी. जर्मनी ‘अनाबिन’ या माहितीकोशात भारतीय संस्थांची प्रतवारी नोंदविते. नव्या विद्यापीठाची तेथे काय नोंद आहे, हे प्रवेशापूर्वीच कळू शकते.

न दिसणारा खर्च : हातून जाणारी सवलत

माहितीपत्रकात वार्षिक शुल्काचा आकडा ठळक असतो. त्यात न लिहिलेला सर्वांत मोठा खर्च म्हणजे विद्यार्थी गमावत असलेली शासकीय सवलत.

महाराष्ट्रातील विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून तेथे प्रवेश घेणाऱ्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसारख्या सवलती मिळतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. परंतु या सवलतीतून खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आली आहेत.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सात लाख रुपये वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्गीय कुटुंबातील मुलगी केंद्रीय प्रक्रियेतून एखाद्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली, तर तिचे शिक्षण शुल्क शासन भरते. तीच मुलगी त्याच शहरातील खासगी विद्यापीठात त्याच शाखेला गेली, तर तेवढाच भार तिच्या घरावर पडतो. दोन्ही संस्था खासगीच. फरक केवळ प्रकाराचा. विद्यापीठ स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती देत असेल, तर ती चारही वर्षांसाठी आहे काय आणि ती टिकवण्यासाठी किती गुण राखावे लागतात, हे लेखी घ्यावे. अन्य शिष्यवृत्त्यांसाठी संस्था आणि अभ्यासक्रमाचे नाव महाडीबीटी संकेतस्थळावर दिसते काय, हे पाहिल्यास बराच संभ्रम दूर होतो.

शुल्कापलीकडे वसतिगृह, भोजन, संगणक, परीक्षा, गणवेश, वाहतूक आणि अनामत हे खर्च असतात. शुल्क दरवर्षी वाढणार असेल, तर वाढीचे प्रमाण आरंभीच विचारावे. पहिल्या वर्षाचा आकडा चारने गुणून होणारी बेरीज बहुधा कमीच भरते.

कर्जाचे गणित

एक उदाहरण घेऊ. वार्षिक शुल्क तीन लाख रुपये आणि राहण्या-जेवण्याचा खर्च दीड लाख रुपये धरला, तर चार वर्षांचा खर्च १८ लाख रुपये होतो. यातील आठ लाख कुटुंबाने उभे केले आणि दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, असे समजू. कर्ज दरवर्षीच्या आरंभी अडीच लाखांप्रमाणे उचलले, व्याजदर साडेदहा टक्के राहिला आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू झाली, तर तोपर्यंत सरळव्याजाने सुमारे ३ लाख ६७ हजार रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळविल्यास दहा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता जवळपास १८ हजार ४५० रुपये येतो. दहा लाखांच्या कर्जापोटी एकूण २२ लाखांहून अधिक रक्कम बँकेत जाते. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिल्यास हप्ता सुमारे साडेतेरा हजारांवर येतो.

आता दुसरी बाजू. पहिली नोकरी वर्षाला चार लाख रुपयांची असेल, तर महिन्याला कपातीपूर्वी साधारण ३३ हजार रुपये पडतात. मुंबई-पुण्यात भाडे भरून त्यातून साडेअठरा हजारांचा हप्ता निघणे कठीण. तोच पगार सात लाखांचा असेल, तर चित्र बदलते. म्हणून विद्यापीठ चांगले की वाईट, यापेक्षा ‘येथून बाहेर पडणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याचा पहिला पगार हा हप्ता पेलेल काय?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. त्यापुढे सहसा लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. पण खासगी संस्थांपैकी ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत पहिल्या शंभरात असणाऱ्याच तिच्यासाठी पात्र ठरतात. लहान व नव्या विद्यापीठांपैकी बहुतेक या यादीबाहेर राहतात. संस्था यादीत आहे काय, हे बँकेच्या शाखेत विचारल्यास कर्जाच्या अटी आणि संस्थेचे स्थान या दोन्ही गोष्टी एकदमच कळतात.

नोकरीचे आकडे कसे वाचावेत?

जाहिरातीतील ‘सर्वोच्च पॅकेज’ हा एका विद्यार्थ्याचा आकडा असतो. सरासरीही फसवी ठरू शकते. दहा जणांपैकी नऊ जणांना तीन लाख आणि एकाला तेहतीस लाख मिळाले, तर सरासरी सहा लाख येते. प्रत्यक्षात सहा लाख कोणालाच मिळालेले नसतात. यासाठी मध्यक पाहावा, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. वरच्या उदाहरणात तो तीन लाखच आहे.

हा आकडा मिळवणे अवघड नाही. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था नोकरी मिळालेल्यांची संख्या, उच्च शिक्षणाला गेलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार यांची माहिती देतात आणि ती आपल्या संकेतस्थळावरही ठेवतात. माहिती संस्थेने स्वतः दिलेली असते, हे ध्यानात ठेवावे. तरीही माहितीपत्रकापेक्षा ती अधिक बांधील असते. संस्थेने क्रमवारीत भागच घेतला नसेल, तर त्याचे कारण विचारावे.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या दाव्यात छेद कोणता, हेही पाहावे. प्रवेश घेतलेले किती, पदवी पूर्ण केलेले किती, नोकरीसाठी ‘पात्र’ ठरवलेले किती आणि प्रत्यक्ष रुजू झालेले किती, हे चार आकडे वेगळे असतात. नॅकची श्रेणीही एकमेव आधार मानू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचप्रकरणी सीबीआयने अटक केली होती. जवळच्या तुकडीतील पाच-सहा माजी विद्यार्थ्यांशी, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे तर स्वतः शोधलेल्या, बोलणे हा अजूनही भरवशाचा मार्ग आहे.

लहान असण्याचे लाभ

लहान विद्यापीठ म्हणजे कमअस्सल विद्यापीठ, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे. वर्गात साठऐवजी तीस विद्यार्थी असतील, प्राध्यापक नावानिशी ओळखत असतील आणि तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष प्रकल्पावर काम मिळत असेल, तर त्याचे मूल्य मोठे आहे. डिझाइन, माध्यम, उदार कला यांसारख्या क्षेत्रांत मालक पदवीच्या नावापेक्षा विद्यार्थ्याने केलेले काम पाहतात. तेथे लहान संस्थेतील वैयक्तिक लक्ष फळास येते. याउलट ज्या नोकऱ्यांत कंपन्या ठरावीक महाविद्यालयांतच भरतीसाठी येतात, तेथे विद्यार्थिसंख्या कमी असणे ही अडचण ठरते. शंभर मुलांसाठी मोठी कंपनी सहसा येत नाही.

या लाभाची खात्री शिक्षकांवरून होते. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, त्यांतील किती जण तीन वर्षांहून अधिक काळ टिकले, हे विचारावे. इमारत एका वर्षात उभी राहते. विभाग उभा राहण्यास दशक लागते.

पैसे भरण्यापूर्वी

केंद्रीय प्रक्रियेच्या फेऱ्या पूर्ण होईपर्यंत शक्यतो पूर्ण शुल्क भरू नये. भरल्यास परताव्याचे नियम ठाऊक असावेत. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण रक्कम परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यापुढे काहीही मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. आयोग काही वर्षी याहून उदार मुदत जाहीर करतो. ती त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी.

अखेरीस तीन आकडे एका कागदावर मांडावेत : चार वर्षांचा एकूण खर्च, त्याच शाखेतील संलग्न महाविद्यालयात सवलतीनंतर होणारा खर्च आणि विद्यापीठातील मध्यक पगार. पहिल्या दोहोंतील फरक हीच त्या विद्यापीठाच्या वेगळेपणाची खरी किंमत. ती कुटुंबाला कर्जाविना परवडत असेल किंवा मध्यक पगारातून हप्ता निभावत असेल, तर प्रवेश घेण्यास हरकत नाही. तसे नसेल, तर जुन्या विद्यापीठाशी संलग्न असलेले साधे महाविद्यालय आणि वाचलेल्या पैशांतून पुढील पदव्युत्तर शिक्षण हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.